साडेनऊला सुटणारी शाळा

गेल्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीत रात्री दीडच्या सुमारास दहा-बारा गाड्यांच्या काचा फुटल्या. दोन रिक्षा, एक टेम्पो, बाकीच्या दुचाक्या. कोयते नाचवत आलेली पोरं पाच मिनिटांत पसार झाली. पुढे जे पकडले गेले त्यांतले तिघे अठराच्या आतले निघाले. पोलिसांच्या कागदावर त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही यात नवं काही वाटणार नाही, इतकं हे आता वारंवार घडतं.

चार दिवसांनी चौकीवर नागरिकांची बैठक झाली. मीही गेले होते. ज्यांची रिक्षा फुटली ते दादा बोलायला उभे राहिले. रिक्षा हप्त्यावर घेतलेली, काच बसवायला पैसे नाहीत म्हणून आठवडाभर धंदा बंद, आणि हप्त्याची तारीख तर थांबत नाही. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. ते म्हणाले, “साहेब, रात्री दहानंतर अठराच्या आतलं पोर रस्त्यावर दिसलं की उचला. कुणाचं आहे ते विचारू नका. रात्रभर बसवून ठेवा, सकाळी आईबापाला बोलवा. महिन्याभरात सगळं शांत होतं की नाही बघा.” टाळ्या पडल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मला टाळी वाजवता आली नाही, आणि तिथे उठून बोलायचा धीरही झाला नाही. त्या माणसाचं नुकसान समोर दिसत असताना त्याच्या मागणीला विरोध करणं जमलं नाही. पण घरी आल्यापासून मला सारखी साडेनऊची घंटा ऐकू येते आहे.

मी एकवीस वर्षं रात्रशाळेत शिकवलं. आमची शाळा साडेसहाला भरायची आणि साडेनऊला सुटायची. दिवसा त्याच इमारतीत दुसरी शाळा. त्यांच्या मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला सुविचार तसाच ठेवून आम्ही उरलेल्या जागेत बीजगणित मांडायचो. आमची मुलं चौदा ते वीस वयाची. कुणी गॅरेजमध्ये, कुणी मार्केट यार्डात, कुणी पहाटे पेपरची लाईन टाकून दुपारी किराणा दुकानात. घंटा झाल्यावर अर्धी मुलं वडापावच्या गाडीवर थांबत, कारण दुपारी एकनंतर पोटात काही गेलेलं नसे. मग चालत, नाहीतर एका सायकलवर दोघं असं करत घरी पोचायला सव्वादहा-साडेदहा होत. बैठकीत मागितलेला नियम उद्या लागू झाला, तर त्याच्या जाळ्यात पहिली सापडतील ती ही मुलं.

काचा फोडणारी पोरं मात्र सुटतील, कारण दीड वाजता तोंडाला रुमाल बांधून कोयता घेऊन निघालेला मुलगा आधीच चार कायदे मोडत असतो. पाचव्याला तो भिणार नाही. नियमाला भिऊन घरी बसेल तो नियम पाळणारा मुलगा, आणि ज्याला कामामुळे किंवा शाळेमुळे घरी बसताच येत नाही तो पकडला जाईल.

माझं म्हणणं सरळ आहे. रात्री मुलांच्या बाबतीत जे चुकतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कुणीतरी मोठा माणूस असतो. सात वाजल्यानंतरही पोराला राबवणारा, वय न विचारता दारू विकणारा, गाडीची किल्ली हातात देणारा, कोयता पुरवणारा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो छापून ‘भाऊ’ बनवणारा. या मोठ्यांना बांधणारे कायदे आपल्याकडे आहेत, फक्त ते वापरले जात नाहीत. ते वापरायचे सोडून मुलाला घरात कोंडणारा नवा नियम आणणं, हा मला अन्याय वाटतो आणि त्याचा उपयोगही होणार नाही असं वाटतं.

आधी एका मुलाबद्दल सांगते.

तो सोळा वर्षांचा होता. दहावीला. दिवसा गॅरेजात काम करायचा. त्याच्या मालकाकडे मी स्वतः जाऊन विनंती केली होती, “मार्चपर्यंत याला सहाला सोडा, बोर्डाची परीक्षा आहे.” मालक चांगला होता, सोडायचा. एका रात्री शाळा सुटल्यावर हा पोरगा नाकाबंदीत अडवला गेला. दप्तरात पुस्तकांबरोबर नट-बोल्ट आवळायचे दोन पाने आणि एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर. त्याने गॅरेजचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. मग त्याला आडनाव विचारलं. तो पारधी समाजातला. आडनाव सांगितल्यावर त्याला गाडीत बसवलं. माझा फोन वाजला तेव्हा साडेअकरा झाले होते. मी पोचले, त्याची आई आधीच येऊन दाराबाहेर जमिनीवर बसली होती. एक वाजता त्याला सोडलं. कुणी हात लावला नव्हता, हेही सांगायला हवं. पण आत तीन तास त्याला जे विचारलं गेलं ते सगळं त्याच्या नातेवाइकांबद्दल होतं, शाळेबद्दल एक प्रश्न नव्हता.

आठ दिवस तो आला नाही. नंतर दोनदा आला. मग आई म्हणाली, “बाई, रात्रीचं नको आता.” त्याचं हॉल तिकीट परीक्षा होऊन गेल्यावरही माझ्या टेबलाच्या खणात होतं.

त्या वेळी रात्रीच्या वेळेचा कसलाही वेगळा नियम नव्हता. नियम नसताना हे झालं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद स्थितीत सापडणं हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली आजही गुन्हा आहे. म्हणजे रात्री कुणाला अडवायचं, झडती घ्यायची, विचारपूस करायची, हा अधिकार पोलिसांकडे पहिल्यापासून आहे. हत्यार घेऊन फिरणाऱ्याला पकडायला नवा नियम लागत नाही. नवा नियम लागतो तो हातात काहीच नसलेल्याला पकडायला. आज हवालदाराला निदान संशयाचं कारण द्यावं लागतं. उद्या वय आणि घड्याळ एवढंच पुरेल.

आणि संशय कुणाचा घ्यायचा, हे आपल्याकडे फार आधी ठरून गेलेलं आहे. रात्री माणसाने कुठे असावं याचे नियम या मातीला नवे नाहीत. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला मनाई होती आणि कोतवालाची माणसं फिरणाऱ्याला धरत. पण ती बंदी निदान सगळ्या शहराला होती. इंग्रजांनी तिला जात लावली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींची माणसं जन्माने गुन्हेगार ठरली. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ नावाने ओळखला जातो. बाहेर जायला पास लागे आणि ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. हजेरीला नसणं हाच गुन्हा. चोरी झाली की नाही हा प्रश्न नंतरचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी माझ्या विद्यार्थ्याचं आडनाव ऐकून त्याला गाडीत बसवलं जातं. अशा ठिकाणी ‘कुणाचं पोर आहे ते विचारू नका’ असं म्हटलं, तरी ते विचारलं जाणारच.

बैठकीत कुणीतरी अमेरिकेचं उदाहरण दिलं, “तिकडेसुद्धा आहे.” आहे, हे खरं. १९९० च्या दशकात तिथल्या शेकडो शहरांनी अल्पवयीनांसाठी रात्रीची संचारबंदी आणली. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तिचा जाहीर पुरस्कार केला. मग तीस वर्षांत काय दिसलं? २०१६ साली अशा बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. गुन्हे कमी झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. बंदीच्या तासांमध्ये तर गुन्हे किंचित वाढल्याचंच दिसलं. वॉशिंग्टनचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये बंदी मध्यरात्री सुरू व्हायची आणि एक सप्टेंबरपासून आठवड्याच्या कामाच्या दिवशी ती अकराला यायची. शहरात गोळीबाराचा आवाज टिपणारी यंत्रं बसवलेली आहेत. संशोधकांनी तारीख बदलण्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा अकरा ते बारा या तासात गोळीबार कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. त्यांनी दिलेलं कारण कुणालाही पटावं असं आहे. रस्त्यावरची साधी माणसं घरात गेली की बघणारं कुणी उरत नाही, आणि ज्याला वाईट करायचं आहे त्याला रस्ता मोकळा मिळतो.

आमच्या शाळेच्या गल्लीतही तेच आहे. वडापावची गाडी रात्री दहापर्यंत असते आणि तिच्याभोवती पोरं असतात, तोवर त्या कोपऱ्यावरून एकटी बाईसुद्धा निर्धास्त जाते. गाडी उठल्यावर मीही तिथून भराभर चालायचे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत शाळेच्या दिवशी अल्पवयीनांकडून होणारे हिंसक गुन्हे सर्वांत जास्त होतात ते दुपारी तीन-चारच्या सुमारास, शाळा सुटल्यावर आणि आईवडील घरी यायच्या आधी. रात्री बारा वाजता नाही. कुलूप लावायचं तर दुपारला लावावं लागेल.

ब्रिटनने १९९८ च्या कायद्यात दहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्थानिक संचारबंदीची तरतूद केली, २००१ मध्ये ती सोळापर्यंत वाढवली, आणि एकाही स्थानिक संस्थेने ती वापरली नाही. २००९ मध्ये ती रद्द झाली. टेक्सससारख्या, पोलिसांच्या बाबतीत कडक समजल्या जाणाऱ्या राज्याने २०२३ मध्ये आपल्या शहरांना अशी संचारबंदी लावायलाच बंदी केली. वाद संपलेला नाही, हेही सांगते. वॉशिंग्टनने २०२५ च्या उन्हाळ्यात आपली बंदी उलट कडक केली. गर्दीत मारामाऱ्या झाल्या की नगरसेवकांवर काहीतरी करून दाखवण्याचं दडपण येतं, आणि करायला सर्वांत सोपी गोष्ट हीच असते. आपल्या चौकीवर तेच चाललं होतं.

या नियमांमधल्या सवलती वाचल्या की मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं. कामावरून येणारा वगळा, शाळेच्या कार्यक्रमाहून येणारा वगळा, आईवडिलांबरोबर असलेला वगळा, आजारपणासाठी निघालेला वगळा. न्यायालयात टिकायचं तर या सवलती ठेवाव्याच लागतात. आता हेच पुण्यात लावून बघा. अकरावी-बारावीचे क्लास साडेनऊला सुटतात, ती मुलं वगळावी लागतील. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रात्रीपर्यंत चालतो, त्यात पंधरा-सोळाची कितीतरी मुलंमुली असतात, ती वगळावी लागतील. नवरात्र वगळा, दहीहंडी वगळा. अभ्यासिकेतून येणारे वगळा. शेवटी उरतो कोण? ज्याच्या खिशात ओळखपत्र नाही, ज्याच्या क्लासची पावती नाही, ज्याच्या बापाला फोन केला तर तो रात्रपाळीला गेलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, म्हणून अकरापर्यंत बाहेर कट्ट्यावर बसणारा मुलगा. ते कट्ट्यावर बसणं टवाळकी नसतं. घरात पाय पसरायला जागा होईपर्यंत वाट बघणं असतं. बंगल्यातल्या मुलाला रात्री रस्त्यावर यायची गरज नाही, त्याला गच्ची आहे.

आणि पकडल्यावर ठेवणार कुठे? ‘रात्रभर बसवा’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, पण साहेबांना ठाऊक होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. गुन्हा केलेला असेल तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं, गुन्हा नसेल आणि त्याला आसऱ्याची गरज असेल तर बालकल्याण समितीपुढे. नुसता साडेदहाला चालत चाललेला मुलगा या दोन्हीत बसत नाही. त्याला घरी सोडून येणं एवढंच करता येतं, आणि त्यासाठी एक गाडी नि दोन माणसं गस्तीतून काढावी लागतात. दीड वाजता कोयते घेऊन पोरं येतात तेव्हा ती गाडी कुणाला तरी घरी पोचवायला गेलेली असेल.

या नियमाच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण आहे ते आइसलँडचं, आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तिथे कायद्यानेच बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळाच्या मुलांनी दहानंतर एकट्याने बाहेर असू नये असं म्हटलंय. मे ते ऑगस्ट या उजेडाच्या महिन्यांत दोन तासांची सूट मिळते. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेले होते. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. हे यश खरं आहे. पण ते वेळेच्या नियमाने एकट्याने मिळवलं नाही. तंबाखू अठराच्या आत आणि दारू विशीच्या आत विकायला बंदी, दोन्हींच्या जाहिरातींना बंदी. प्रत्येक शाळेत पालकांच्या संघटना, आणि पालकांनी आपसात केलेले लेखी करार. संध्याकाळी वस्तीतून फेरी मारणारे पालक, पोलीस नव्हेत. मुलाला खेळ, संगीत, नृत्य शिकता यावं म्हणून प्रत्येक मुलामागे शहराने दिलेले पैसे. रात्रीच्या वेळेच्या नियमाबरोबर मुलांच्या संध्याकाळीही भरल्या. आपण त्यातलं एकच पान फाडून आणतो आणि पुस्तक आणलं असं म्हणतो.

याच्या जवळ जाणारं काही आपल्याकडेही झालंय. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. ग्रामसभेत ठरलेला नियम. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. टीव्ही बंद होतो तो आईची मालिका चालू असताना आणि मोबाईल खाली ठेवावा लागतो तो बापालाही. मुलासाठी केलेला नियम घरातला मोठा माणूस आधी पाळतो. दिवेलागणीला हातपाय धुऊन घरात यायचं, ही आपली जुनी रीतसुद्धा तशीच होती. आजी स्वतः देवापुढे बसायची, म्हणून पोरं येऊन बसायची. नुसतं ओरडून कुणी आलं नसतं.

आता आपल्याच कायद्यांकडे वळते, कारण रात्री मुलांनी कुठे असू नये हे आपल्या कायद्याने आधीच सांगितलंय. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामावर ठेवता येत नाही. विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. बालकामगार कायद्यातली ही तरतूद मला फार शहाणी वाटते, कारण तिच्यात घड्याळ मुलाच्या हातावर बांधलेलं नाही, मालकाच्या हातावर बांधलंय. मुलगा रात्री कामावर सापडला तर गुन्हेगार मालक. पण एकवीस वर्षांत या कलमाखाली आमच्या भागात कुणाला दंड झाल्याचं मी ऐकलं नाही. लग्नसराईत रात्री बारापर्यंत ताटं उचलणारी पोरं, चायनीजच्या गाडीवर कढई घासणारी पोरं, रसवंतीवर, पंक्चरच्या दुकानात. सगळ्यांना दिसतात. नवा नियम आला तर साडेबाराला घरी चाललेला तो ताटं उचलणारा मुलगा अडवला जाईल आणि त्याला राबवणारा केटरर आपल्या टेम्पोतून शेजारून निघून जाईल.

दारूचंही तसंच. महाराष्ट्रात कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, बिअरला एकवीस. हा नियम विकणाऱ्यावर आहे. गाडीचा नियमही मोठ्यांवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याला जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची ती अट सगळ्या देशाने ऐकली आणि सगळा देश संतापला. त्या रात्री जे घडलं त्यात एका गाडीची किल्ली होती आणि अल्पवयीनांना दारू दिल्याच्या आरोपावरून ज्यांच्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली ते पब होते. यातल्या प्रत्येक दारात एक मोठा माणूस उभा होता आणि त्याने ‘नाही’ म्हणायला हवं होतं. अठराच्या आतल्यांना दहानंतर बंदी असती तरी ती दारं उघडीच राहिली असती.

मुलींबद्दल थोडं लिहिते, कारण मुलींवर ही संचारबंदी कधीची आहे आणि तिला कुठल्याही आयुक्तांचा आदेश लागलेला नाही. आमच्या वर्गात चाळीस मुलांमागे सहा-सात मुली. धुणीभांडी करून येणाऱ्या. दर जूनमध्ये मी वस्तीत जायचे, ‘पोरीला पाठवा’ म्हणून सांगायला. दारातच उत्तर मिळायचं, “शिकवायचंय हो बाई, पण रात्रीचं?” मी म्हणायचे, “मी स्वतः आणून सोडते.” आणि सोडायचे. आम्ही दोन शिक्षिका आणि सहा मुली, अशी आमची दिंडी साडेनऊला निघायची. दोन वर्षांनी त्यांच्या आया नाक्यापर्यंत घ्यायला येऊ लागल्या, मग मुली एकमेकींना सोबत करू लागल्या. ती पंधरा मिनिटांची वाट त्यांनी मिळवलेली आहे. त्यांतली एक आज परिचारिका आहे आणि रात्रपाळी करते. सरकारच म्हणू लागलं की दहानंतर अठराच्या आतलं कुणी बाहेर असणं चुकीचं, तर ज्या बापाला पोरीला शाळेत न पाठवायचं कारण हवं होतं त्याला ते कागदावर लिहून मिळेल.

कुणी म्हणेल, मग काचा फुटूच द्यायच्या का? नाही. रिक्षावाल्या दादांना भरपाई मिळायला हवी आणि ज्यांनी फोडल्या त्यांना बाल न्याय मंडळापुढे उभं राहायला हवं. त्या तिघांना रात्री दीड वाजता बाहेर कुणी काढलं, कोयते कुठून आले, त्यांच्याबरोबरचे अठराच्या वरचे दोघं कोण, हे शोधायला हवं. लहानांना शिक्षा कमी होते म्हणून त्यांच्या हाती हत्यार देणारे मोठे असतात, हे वस्तीतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्यांची नावं घ्यायला ती घाबरते, कारण नाव सांगितल्यावर तिला संरक्षण नाही. आणि त्या तिघांपैकी एकजण आठवीपर्यंत आमच्या शेजारच्या महापालिकेच्या शाळेत होता, नंतर कुठेच नव्हता. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत तो रोज दिवसभर रस्त्यावर होता आणि तेव्हा त्याला उचला असं कुणी म्हणालं नाही.

त्याच शाळेचं मैदान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. चांगलं मोठं. संध्याकाळी सहाला त्याला कुलूप लागतं. त्यात दिव्याचे चार खांब आहेत, दोन बंद. बाहेर फुटपाथवर पोरं दुचाकींवर बसून मोबाईल बघत असतात आणि आत कबड्डीचं आखलेलं मैदान रिकामं असतं. मी तीन आठवड्यांपूर्वी अर्ज लिहिला की हे मैदान रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, दिवे लावा, आम्ही पाच-सहा निवृत्त शिक्षक आळीपाळीने तिथे बसतो. अर्जासोबत आणखी एक मागणी जोडली की आमच्या भागातल्या मंगल कार्यालयांमध्ये आणि खाण्याच्या गाड्यांवर सातनंतर काम करणाऱ्या अठराच्या आतल्या मुलांची कामगार खात्याने तपासणी करावी, आणि दंड मालकाला करावा.

सह्या गोळा करायला मी रिक्षावाल्या दादांच्या घरी गेले. मी त्यांच्याशी सगळं बोलले, बैठकीत बोलायचं राहिलेलंही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाई, मला पोरांचा राग नाही हो. मला परत काच फुटायला नकोय.” त्यांनी सही केली, आणि बायकोलाही करायला लावली. एकूण एकोणसाठ सह्या झाल्या. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. मैदानाला अजून कुलूप आहे.